उजवी पाकळी

अनशी जिन्यात बसली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, बोचकं छातीशी धरून. दुपारची तीन-साडेतीनची वेळ. मी बाजारातून पाळी संपवून वर चढत होतो, अंगभर हळदीच्या पोत्यांची भुकटी, आणि समोर बघतो तर आमच्या गावची सून.

"अनशे? तू हितं कशी?"

"यष्टीनं आले, भावजी." जसं काही मी गाडीचीच चौकशी केली होती. "वर गेले हुते. दारातल्या मानसानं सांगितलं, बाईमानसानं उंबरा वलांडायचा न्हाई. म्हनून हितं बसले. ह्यांस्नी सांगा, मी आलीया."

"एकटी आलीस?"

"एकटी कशानं? दोघं हाव की." तिनं पोटावर हात ठेवला आणि हसली. आठवा लागलेला असणार. खाली उतरणारी माणसं तिच्याकडं बघत भिंतीला घासून जात होती, आणि ती प्रत्येकाला पाय आखडून वाट देत होती.

खोलीचं आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भायखळ्याला आमच्या गावची एक खोली होती. कुणा एकाची नाही, गावाची. आमच्या आज्यापणज्यांनी घेतलेली. गाव म्हणजे जावळीच्या डोंगरातलं, धरणाच्या पाण्यापलीकडचं. खाली पाणी, वर रान. भात आणि नाचणी पिकणार ती चार महिन्यांची, म्हणून बाप्ये सगळे मुंबईला पोती उचलायला आणि बायका गावाला. त्या एका खोलीत आम्ही एकतीस जण राहायचो. निम्मे कामावर असले की निम्मे झोपायचे. भिंतीला ओळीनं खिळे ठोकलेले, एका माणसाला एक खिळा. त्याला कपडे, पिशवी, गावाकडनं आलेली पत्रं. खिळ्याखाली ट्रंक. बाप गावी परतला की खिळा लेकाला. खिळा असला तर मुंबई आहे, खिळा गेला तर काही नाही, असा सगळा हिशोब. आणि नियम एकच, पण दगडावरची रेघ: खोलीत बाईमाणूस राहायचं नाही. जो मुंबईत बायको आणून ठेवील त्याचा खिळा सुटला.

मी जातीचा गुरव. भिकू गुरव. गावात आमच्या घराकडं निनाईची पूजा. खोलीच्या कोपऱ्यातल्या फळीवर गावच्या देवळातून आणलेला वीतभर पाषाण होता, शेंदूर लावलेला. त्याची पूजा माझ्याकडं. वादाची गोष्ट निघाली की देवीला कौल लावायचा, तोही मीच. दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, एक देवीच्या उजव्या अंगाला डकवायची, एक डाव्या. गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली. डावी पडली तर नाही. गावात असल्या कौलावर लग्नं मोडलेली मी बघितली आहेत.

अनशी कोंडीबा मोऱ्याची बायको. कोंडीबा आणि मी एका शाळेत तिसरीपर्यंत शिकलो, एकाच गाडीनं मुंबईला आलो, आमचे खिळे शेजारी शेजारी. संध्याकाळी तो आला आणि जिन्यातच खाली बसला.

"अगं, सांगून तरी यायचं."

"सांगितलं असतं तर 'नगं' म्हनला असता."

"मग आता काय करू मी?"

"काय न्हाई. त्या मागल्या गॅलरीत पडदा लावा. भांड्याकुंड्यांत पडून ऱ्हाते. दीड म्हयना. दवाखान्यात नाव घालायचं, मोकळं व्हायचं, आन् पोर घेऊन आपली मी गावाला जाते. खोलीत पाय ठेवायची न्हाई मी."

कोंडीबानं तिचं बोचकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं. त्याला सगळं माहीत होतं, आम्हाला सगळ्यांनाच होतं. मागच्या आषाढात अनशीचे दिवस भरले तेव्हा पाणी खवळलं होतं, लाँच सहा दिवस बंद. झोळीत घालून बायकांनीच तिला डोंगरावरनं पलीकडं न्यायला काढली. अर्ध्या वाटेत पोर झालं. मेलेलं. मुलगा होता. बाप्या एकही नव्हता गावात, त्यामुळं खड्डासुद्धा बायकांनीच काढला. त्यात माझी येसू होती.

"आवंदा बी म्हयना त्योच," अनशी म्हणाली. "आषाढ. आन् सुईण सांगती, पोर आडवं हाय. तिनं हात जोडलं. म्हनली, बाई, मला हे जमायचं न्हाई, तू दवाखाना गाठ."

त्या रात्रीपुरती तिला खालच्या खानावळवाल्या गिरजाबाईनं ठेवून घेतलं. गिरजाबाईच्या एका खोलीत तिचीच सात माणसं. "तीन दिस," ती म्हणाली, "त्याच्यावर माझी जागा न्हाई रं बाबा." झोपडी भाड्यानं बघ म्हणावं, तर त्याचाच अर्थ बायको आणून ठेवली. खिळा गेला. कोंडीबाच्या मागं दोन धाकटे भाऊ गावात खिळ्याची वाट बघत बसलेले. त्यांच्या तोंडचा घास काढायचा की काय, असं तो मला तीन तीनदा विचारत होता. मी काय सांगणार?

सांगायला माझ्याकडं होतं खरं तर. माझ्या ट्रंकेत आठ दिवसांपूर्वी आलेलं येसूचं पत्र होतं. शाळामास्तराच्या हातचं, पण बोलणं तिचं. 'अनशी मुंबईला जायची म्हणते. तिला राहू दिलं तर मलाही न्या. लग्नाला सात वर्षं झाली, त्यात तुम्ही घरात मोजून किती दिवस होतात ते बोटावर येईल. मी काय तुमच्या आईचा आणि देवीचा गडी म्हणून आले आहे काय? दरवेळी म्हणता खोलीचा नियम. अनशीसाठी नियम मोडला तर मग बघू तुम्ही काय म्हणता.'

ते पत्र मी चार वेळा वाचलं आणि ट्रंकेच्या तळाशी घातलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर खोली बसली. सगळी एकतीस माणसं एका वेळी खोलीत म्हणजे श्वास घ्यायची पंचाईत. मध्ये सुभानतात्या. वय सत्तरीचं, पाठीला पोत्यांनी बाक आलेला, खोलीचा कारभार त्यांच्याकडं. अनशी दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर. दार उघडं होतं. तिला सगळं ऐकू जात होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

"पोरीचं दुःख मला कळतंय," तात्या म्हणाले. "पर आज हिला ठेवली, उद्या दुसरा आनील. परवा तिसरा. बायका हितं आल्या तर तिकडं भात कोन लावनार? म्हातारी मानसं कुनी बघायची? देवीफुडं दिवा? दहा वर्सात गाव वस पडंल. खोली गावापायी हाय, गाव खोलीपायी न्हाई."

"दीड म्हयन्यात गाव वस पडतंय व्हय, तात्या?" कोंडीबा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो तात्यांना उलट बोलला असेल.

"नियम मोडायला दीड घटका बी पुरती."

मग जो तो बोलायला लागला. निम्मे म्हणाले, राहू द्या, जिवाची गोष्ट आहे. निम्मे म्हणाले, आमच्या बायका काय दगडाच्या आहेत? एकजण म्हणाला, माझी बायको गेली बाळंतपणात, तेव्हा कुठं होती गॅलरी? आरडाओरडा असा झाला की शेजारच्या खोलीतला माणूस बघायला आला. तात्यांनी मान खाली घातली. त्यांनाही ते ओझं डोक्यावर नको होतं, दिसतच होतं.

तेव्हा कोंडीबाच उठला.

"देवीला इचारू," तो म्हणाला. "देवी म्हनंल तसं. मग माझी काय तक्रार न्हाई. भिकू लावंल कौल."

सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. कुणालाच वाईट व्हावं लागणार नव्हतं त्यात. तात्यांनी दाराकडं बघून आवाज दिला, "पोरी, तुला कबूल?"

बाहेरून अनशी म्हणाली, "लावा की. निनाई बी बाईच हाय. तिला कळंल."

मी खालच्या फुलवाल्याकडनं झेंडूचं फूल आणलं. खालच्या नळावरच हातपाय धुतले. वाटेत खानावळीत पाणी पिऊन आलो. फळीसमोर बसलो, पाठ सगळ्यांकडं. उदबत्ती लावली. दोन पाकळ्या निवडल्या, भिजवल्या, देवीच्या दोन अंगांना डकवल्या. गाऱ्हाणं घातलं, नेहमीचं: "बाय गे निनाय, लेकरानं गाऱ्हानं घातलंय, हाय त्ये सांग, न्हाय त्ये सांग, लेकराच्या मनातली कीड काड." मागं कुणी खोकतसुद्धा नव्हतं. कोंडीबा माझ्या खांद्यामागं उभा होता, त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

फार वेळ नाही लागला. उदबत्ती बोटभर जळली असेल. डावी पाकळी सुटली, शेंदरावरनं घसरली आणि फळीवर पडली.

उजवी होती तिथंच होती.

"डावा दिला," तात्या म्हणाले. "संपलं."

ज्यांनी राहू द्या म्हणून आरडाओरडा केला होता तेही हात जोडून मागं सरले. देवीच्या पुढं कोण बोलणार? कोंडीबानं फळीला डोकं टेकलं. उठला तेव्हा डोळे भरलेले होते, पण आवाज साफ होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझा काय दोष न्हाई, भिकू. तिची मर्जी."

दारात अनशी उभी राहिली होती. उंबऱ्याच्या बाहेर.

"निनाईनं असं सांगितलं?" तिनं विचारलं. मग परत, जरा हळू, "निनाईनं?"

"कवा तरी डावा बी द्यावा लागतो तिला, पोरी," तात्या म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. "तिच्या मनात तुझं भलंच आसंल. आत ये. दर्शन घे, परसाद घे, मग जा. दर्शनाला उंबरा वलांडायला हरकत न्हाई."

आणि तिथं माझं चुकलं. सगळ्याचा विचार केला होता मी, पण एवढाच केला नव्हता. कौल झाला की देवीच्या अंगावर उरलेली पाकळी ज्याचं गाऱ्हाणं असेल त्यानं प्रसाद म्हणून घ्यायची असते. बाप्या असला तर टोपीत खोचतो. बाई असली तर पदराला बांधते. तिसरीपासून बघतोय मी हे. आणि नेमकं तेच विसरलो.

अनशी आत आली. जड पायांनी फळीपर्यंत आली, वाकता येईना म्हणून उभ्यानंच हात जोडले. मग हात पुढं करून देवीच्या उजव्या अंगाची पाकळी काढायला गेली. पाकळी निघेना.

तिनं परत ओढली. पाण्यानं डकवलेली पाकळी, पंधरा मिनिटांत वाळून फुंकरीनं उडावी. ही निघेना. मग तिनं नख घातलं आणि खरवडली. पाकळी सुटली आणि तिच्या मागं, शेंदरात बरबटलेलं, चेंगरलेलं भाताचं शीत आलं.

खानावळीत पाणी प्यायला गेलो होतो ना मी. गिरजाबाईच्या ताटातलं एक शीत. बोटाच्या पेराखाली धरून आणलेलं.

ती बराच वेळ तळहाताकडं बघत राहिली. तिच्यामागं मी होतो, माझ्यामागं सगळी खोली. दुसऱ्या कुणालाच दिसलं नाही. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर लोकांनी माझे हातपाय मोडले असते आणि तिला सहा महिने ठेवून घेतलं असतं. मी खरं सांगतो, त्या घटकेला मला वाटलं, ओरड बाई, एकदा ओरड आणि मला सोडव.

तिनं पाकळी आणि शीत, दोन्ही पदराच्या टोकात घातलं. गाठ मारली. दातानं घट्ट केली.

"भावजी," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, कुणीही विचारावं तसं. "येसूला काय निरोप सांगू?"

मी फळीवरची उदबत्तीची राख बोटानं गोळा करायला लागलो.

"अरं, सांग की काहीतरी," मागनं कोंडीबा म्हणाला.

"बरा हाय म्हनावं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कोंडीबानं तिला बसवून दिलं. मी स्टँडवर गेलो नाही. पाळी आहे म्हणून सांगितलं. त्या दिवशी माझी पाळी नव्हती.

मी असं का केलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ते पत्र. तिच्यासाठी नियम मोडला असता, तर दुसऱ्या महिन्यात येसू त्याच जिन्यात बोचकं घेऊन बसली असती आणि माझ्याजवळ उत्तर उरलं नसतं. सात वर्षं मी नियमाच्या मागं लपलो होतो. आई आजारी, देवीची पूजा, वतनाचं भात, ही कारणं खरीच होती. पण त्याच्या खाली दुसरं होतं. मला इथं बरं चाललं होतं. पाळी संपली की अंघोळ, गिरजाबाईचं आयतं ताट, रविवारी चौपाटी, कुणाला जाब द्यायचा नाही. वर्षातनं दोनदा गावाला जायचं, पाहुण्यासारखं मानपान करून घ्यायचं. येसू आली असती तर मला संसार करावा लागला असता. एवढीच गोष्ट होती. एवढ्यासाठी.

आषाढात पत्र आलं नाही, माणूसच आला. लाँच चालू झाल्यावर पहिल्या फेरीला निघालेला. खोलीच्या दारात उभा राहून त्यानं टोपी काढली तेव्हाच कोंडीबा खाली बसला. दोन दिवस पाण्याच्या काठाला, लाँचच्या धक्क्यावर, एका शेडमध्ये तिला घेऊन बायका बसल्या होत्या. पलीकडनं लाँच दिसायची, पण सुटायची नाही, लाटा तशा होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आधी पोर गेलं, पोटातच. दिवे लागायच्या आधी अनशी गेली.

"मांडीवर घेऊन कोन बसलं हुतं?" तात्यांनी विचारलं.

"भिकूची येसू," तो म्हणाला.

कोंडीबानं परत लग्न केलं नाही. खिळाही सोडला नाही. पुढं कितीतरी वर्षं दर नवरात्रात तो त्या फळीवर नारळ फोडायचा आणि पहिली खोबऱ्याची कवड माझ्या हातात द्यायचा. "तुझा हात बरुबर हुता, भिकू. नशीब माझं डावं." ती कवड मी खायचो. त्याच्यासमोर चावून गिळायचो. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि जाईपर्यंत त्याला काही कळलं नाही.

येसूनं मात्र त्या वर्षापासून 'मला मुंबईला न्या' हे शब्द काढले नाहीत. पत्रात नाही, तोंडानं नाही. मी सुट्टीला गेलो की ताट वाढायची, पाणी तापवून द्यायची, विचारलं तेवढं बोलायची. मला वाटलं, अनशीच्या जाण्यानं धसकली. बरंच झालं म्हणालो मनात. माणूस असा असतो.

मग आमची म्हातारी गेली. पोरं झाली नव्हती. माझे गुडघे गेले, पोती सुटली, आणि खाडीपलीकडं आम्हा हमालांच्या वसाहतीत मला दोन खोल्यांचं घर मिळालं. स्वतःचं. दार, कडी, नळ, सगळं आपलं. अनशीला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. मी किल्ली घेऊन गावाला गेलो, येसूसमोर ठेवली.

"चल," म्हणालो. "आता कुठला नियम न्हाई. म्हातारपनी एकमेकाला बघू."

तिनं किल्लीला हात लावला नाही. चुलीपुढनं उठली, लुगड्याला हात पुसले.

"देवीला इचारा," ती म्हणाली. "कौल लावा. उजवा आला तर येते."

मला हसू आलं. मी म्हटलं, आता ह्या वयात? पण ती पुढं झालीच होती. मी अंघोळ केली, देवळात गेलो. मोठ्या देवीसमोर बसलो. देवळात आम्ही दोघंच. भर दुपार, बाहेर उन्हानं सगळं गप्प झालेलं. थोड्या वेळानं येसू पूजेचं ताट घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं. हळदकुंकू, उदबत्ती, पाण्याची वाटी, झेंडूच्या दोन पाकळ्या. आणि ताटाच्या कडेला, केळीच्या पानाच्या तुकड्यावर, भाताचं एक शीत.

"ह्ये कशाला?" मी विचारलं.

"लागंल तुम्हाला," येसू म्हणाली.

ती खांबाला टेकून बसली. रागात नव्हती. घरातलं काहीतरी सांगावं तसं सांगत होती.

"माझ्या मांडीवर डोकं हुतं तिचं. पदराची गाठ सोडून दाखवली मला. म्हनली, आमच्या ह्यांस्नी कळू देऊ नगंस. बायकू गेली, पोर गेलं, त्यांचा देव तरी राहू दे."

"आन् तू अठ्ठावीस वर्सं बोलली न्हाईस?"

"तुमी कुटं बोललासा?"

उदबत्ती मी पेटवलीच नाही. मग येसू उठली, ते शीत उचलून देवळाच्या पायरीवर मुंग्यांना टाकलं आणि ताट घेऊन घराकडं गेली. चार वाजताची लाँच होती. तिनं माझ्या पिशवीत भाकरी बांधून दिली, धक्क्यापर्यंत पोचवायला आली आणि लाँच सुटेपर्यंत त्या शेडमध्ये बसून राहिली.